हजेरी

मनमाड हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. निदान रात्रीच्या गाडीत अर्धवट झोपेत त्याचे नाव तरी कानांवर पडले असेल. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग, दौंडकडून येणारा आणि छत्रपती संभाजीनगरावरून सिकंदराबादेकडे जाणारा, असे मार्ग या ठिकाणी एकमेकांना भेटतात. पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखानाही येथेच आहे. तेव्हा गावातल्या दर दोन-चार घरांमागे एखादा माणूस रेल्वेत असणार किंवा रेल्वेतून निवृत्त झालेला असणार, हे ओघानेच आले.

अशा निवृत्त कामगारांचे तेथे एक मंडळ आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला व्याख्यानाला बोलावले. विषय माझ्यावर सोपवला होता. मी ‘संतवाङ्मयातील वार्धक्य’ असा चांगला भारदस्त विषय काढला, आठ पाने टिपणे केली, आणि दहाची सभा असताना दहा वाजून बारा मिनिटांनी जाऊन पोचलो. आपल्याकडे सभेला बारा मिनिटे म्हणजे काही उशीर नव्हे! पण आत शिरतो तो समोरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले दिसले: ‘पाहुणे १२ मिनिटे लेट.’ कोणी रागावले नव्हते. एक वृद्ध गृहस्थ खडू हातात धरून मोठ्या आदराने एवढेच म्हणाले, “सर, कारण काय लिहू?”

हे गृहस्थ पूर्वी गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. २०२२ साली नाव बदलले. पण मंडळात ते अजून ‘गार्डसाहेब’च आहेत. तसेच कोणी ड्रायव्हरमामा, कोणी फिटरबुवा, कोणी सांधेवाले काका. नोकरी सुटली, पण नोकरीने दिलेले नाव सुटले नाही.

माझे व्याख्यान त्या दिवशी पंधरा मिनिटांत उरकले, आणि ते बरेच झाले. कारण त्यानंतर जे पाहिले ते माझ्या आठ पानांत नव्हते. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

बैठकीचे पहिले काम म्हणजे हजेरी. एक जुने टाइमकीपर लांबट वही उघडून नावे वाचतात. नाव आले की माणूस म्हणतो, “हजर.” ऐंशीच्या पुढचे म्हातारेसुद्धा शाळेतल्या पोरासारखे मोठ्याने ‘हजर’ म्हणतात. एखाद्या नावाला उत्तर आले नाही, की वाचन थांबते. “कुणाला ठाऊक आहे का?” “मुलाकडे पुण्याला गेलेत, आठवड्यानं येतील.” तशी नोंद होते. त्या दिवशी एका नावापुढे मात्र कोणालाच काही सांगता येईना. तेव्हा टाइमकीपरांनी चष्म्यावरून पाहिले. “त्यांच्या घराजवळ कोण राहतं?” दोन हात वर झाले. “आज संध्याकाळच्या आत बघून या, नि मला सांगा.” मग पुढचे नाव.

मला आधी वाटले, ही जुन्या सवयीची मौज आहे. पण गार्डसाहेबांनी मला जे सांगितले ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, “सर, रेल्वेत ड्यूटी संपली म्हणून उठून जाता येत नाही. बदलीचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. म्हणजे पस्तीस वर्षं रोज कुणीतरी आमची वाट बघत होतं. पाच मिनिटं उशीर झाला तर माणूस घरी निरोप धाडायचा. निवृत्तीच्या दिवशी हार घातला, नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमची वाट बघणारं कुणी उरलं नाही.”

श्रोतेहो, निवृत्तीवेतनाचा विचार आपण पैशांच्या बाजूने करतो, आणि तो केलाच पाहिजे. रेल्वेत निवृत्तीवेतनाची पद्धत १९५७ साली आली. त्याआधी भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी रक्कम हाती पडे; एका मुलीचे लग्न आणि घरावरचे पत्रे एवढ्यात ती संपे. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. निवृत्तीवेतन म्हणजे सरकारच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, तर आयुष्यभर केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणून १७ डिसेंबरला ठिकठिकाणी निवृत्तिवेतनधारकांचा दिवस साजरा होतो. वयाला ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तीवेतनात २० टक्के वाढही मिळते. आमच्या मंडळात त्या महिन्यात पेढे वाटतात. वाढ पेढ्यांहून मोठी असल्यामुळे तक्रार कोणी करीत नाही.

तर पोटाची सोय झाली. पण ‘तुम्ही आज का आला नाहीत?’ हे विचारणारा माणूस कोणत्याही वेतन आयोगाला मंजूर करता येत नाही. तो आपला आपणच उभा करावा लागतो. ही हजेरी म्हणजे ती सोय आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांची विचारपूस करावी, यात सांगण्यासारखे काय आहे? तर ऐका. ही हजेरी एकदा चुकली होती, आणि त्याची किंमत एका बाईने मोजली.

एक सांधेवाले होते. ते वारले. मंडळाने दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली आणि वहीतून नाव कमी केले. रीतीप्रमाणे सगळे झाले. पण त्यांच्या पत्नीकडे पुन्हा कोणी फिरकले नाही, कारण वहीत तिचे नाव नव्हते. तिला कुटुंबनिवृत्तीवेतन मिळायला हवे होते. ते सुरू होईना. कारण काय, तर कागदोपत्री तिची नावे दोन होती! आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती, ती तुम्हाला ठाऊक आहेच. नवऱ्याच्या नोकरीच्या कागदांवर सासरचे नाव लागलेले, आणि आधार कार्डावर व बँकेत माहेरचे. दोन्ही नावे एकाच बाईची, हे सगळ्या गावाला माहीत. फक्त कागदाला माहीत नव्हते. बिचारी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरली. अकरा महिने गेले. त्या काळात तिने दोन दागिने मोडले. मंडळातल्या एकाला ती बाजारात योगायोगाने भेटली, तेव्हा हे उघडकीला आले.

पुढच्या बैठकीत कोणी भाषण केले नाही. टाइमकीपरांनी वही उघडली, आणि ज्यांची नावे मृत्यूमुळे कमी केली होती, त्यांच्या पत्नींची नावे एकेक करून लिहायला घेतली. तेव्हापासून त्या बायकांचीही हजेरी होते. पहिल्या महिन्यात तिघीच आल्या, आणि त्यासुद्धा दाराशी बसल्या. आता वीस-बावीस येतात, आणि चहाला उशीर झाला तर गार्डसाहेबांनाही सुनावतात.

याच प्रसंगातून मंडळाची दुसरी रीत पडली. दर वर्षी ऑक्टोबरच्या बैठकीला प्रत्येकाने आपली पिशवी घेऊन यायचे. पिशवीत निवृत्तीवेतनाचा आदेश, बँकेचे पासबुक, आधार कार्ड. एक जुने हेडक्लार्क चष्मा पुसून प्रत्येक कागदावरचे नाव अक्षर अक्षर जुळवतात. पत्नीचे नाव सर्वत्र एकच आहे ना? जन्मतारीख एकच आहे ना? खाते दोघांच्या नावाने आहे ना? जेथे फरक असेल तेथे नवरा जिवंत असतानाच दुरुस्ती करून घ्यायची. हे काम तेव्हा एका अर्जाचे असते. मागाहून ते वर्षाचे होते. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतोच. ज्यांना ८० वर्षे पूर्ण झाली त्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. २०१४ सालापासून हा दाखला आधारच्या साह्याने घरबसल्याही देता येतो. मोबाइल चालवणारे एखादे नातवंड जवळ असले म्हणजे झाले.

मंडळी, तुम्ही रेल्वेत नसाल. पण तुमच्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, पोस्टमन आहेत, एसटीचे चालक-वाहक आहेत. दोन नावांची अडचण त्यांच्याही घरात बसलेली असू शकते. आज घरी जाऊन कागद काढून पाहा, एवढी माझी विनंती आहे.

आता सहलीची गोष्ट सांगतो.

मंडळाची सहल वर्षातून दोनदा निघते. हिवाळ्यात जवळच्या अनकाईला. जुळे किल्ले आहेत, अनकाई आणि टंकाई. ज्यांचे गुडघे साथ देतात ते वर चढतात. बाकीचे पायथ्याशी पिठले-भाकरीचा बंदोबस्त पाहतात. दुसरी सहल श्रावणात, इगतपुरीच्या घाटाला. त्या सहलीला मीही गेलो होतो.

हा थळ घाट. कसारा ते इगतपुरी हा घाटमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ असा, की ३७ फूट पुढे गेले म्हणजे १ फूट वर. म्हणून कसाऱ्याला बहुतेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने लागतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात. मुंबईकडून विजेची गाडी १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत आली. त्यापुढे वाफेचे इंजिन. पुढे भुसावळकडेही वीज आली, पण ती निराळ्या जातीची, त्यामुळे इंजिन बदलणे काही सुटले नाही. ते आता इतिहासजमा झाले, पण ड्रायव्हरमामा अजूनही इगतपुरी आली की सवयीने खिडकीतून डोकावून पुढे पाहतात.

डब्यात आम्ही तीस-पस्तीस जण होतो. त्यांत दोघे असे होते, की ज्यांचे एकमेकांशी बोलणे पुष्कळ वर्षे बंद होते. ८ मे १९७४ ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या वेळी नुकतेच नोकरीला लागलेले हे दोन तरुण. एक संपावर गेला, दुसरा कामावर गेला. एकाची नोकरीत खोट आली. दुसऱ्याला शेजारपाजारच्यांनी तोंडावर नावे ठेवली. दोघांचीही लेकरे लहान होती, दोघांचीही बाजू त्यांच्या मते खरी होती. मंडळात दोघे येत, पण दोन टोकांना बसत. त्या दिवशी गर्दीत दोघांना एकाच बाकावर जागा मिळाली. घाट सुरू होईपर्यंत दोघेही खिडकीबाहेर पाहत होते. मग एकाने डबा उघडला, शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला, आणि त्याने न बोलता डबा मध्ये सरकवला. दुसऱ्याने भाकरीचा तुकडा मोडला. एवढेच झाले. समेट वगैरे मोठा शब्द मी वापरणार नाही. पण परतताना दोघे एकत्र चहा पीत होते, हे मी पाहिले.

आमच्याबरोबर एक जुने चावीवाले होते. चावीवाला म्हणजे खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणारा माणूस. सैल झालेली चावी ठोकून घट्ट करायची, तडा दिसला तर गाडी थांबवायची. या गृहस्थांची बरीच नोकरी याच घाटात गेली होती. अगदी अबोल माणूस. बरोबर दहावीतला नातू होता, त्याचे लक्ष मोबाइलमध्ये. परतीच्या वाटेवर गाडी कसाऱ्याहून घाट चढू लागली. एक बोगदा गेला, दुसरा गेला, आणि आजोबा एकाएकी म्हणाले, “इथंच दरड आली होती.”

गार्डसाहेबांनी विचारले, “केव्हा? कोण होतं गस्तीला?”

मग ते सांगू लागले. पावसाळ्यात रात्री रुळावर गस्त असते. दोघे निघाले होते. पाऊस असा, की कंदिलाचा उजेड चार पावलांपुढे जाईना. समोर पाहतात तो रुळावर मोठी दरड! एक जण लाल दिवा धरून तेथेच थांबला. दुसरे हे, जिकडून गाडी येणार त्या दिशेने पळत सुटले. रेल्वेचा नियम ठरलेला आहे. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. हा फटाका म्हणजे दिवाळीतला नव्हे. एक चपटी डबी असते. इंजिनाचे चाक तिच्यावरून गेले की मोठा आवाज होतो, आणि ड्रायव्हर समजतो की पुढे धोका आहे.

“बाराशे मीटर म्हणजे शाळेच्या मैदानावरचे न्हवं,” आजोबा म्हणाले. “उतार, खडी, एका अंगाला दरी. दोनदा पडलो. पण डब्या पाण्यात जाऊ दिल्या नाहीत. तिसरी बांधली आणि दिवा दिसला.”

“मग?”

“मग फटाके वाजले. गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला नि म्हणाला, केवढी दरड आहे? मी म्हटलं, चला, दाखवतो.”

डब्यात कोणी काही बोलेना. मोबाइल केव्हाच बाजूला पडला होता. तो मुलगा म्हणाला, “आजोबा, हे तुम्ही घरी कधीच नाही सांगितलं!”

आजोबा म्हणाले, “कुणी विचारलं नाही, बाळा.”

श्रोतेहो, मी मघाशी माझ्या आठ पानांचा उल्लेख केला. त्या पानांचे मला खरे वाईट वाटले ते या वेळी. म्हातारपणाविषयी बोलायला गेलेला मी. आणि म्हाताऱ्या माणसाला विचारायचे असते, हे मात्र मी टिपून घेतले नव्हते. त्या गाडीत किती माणसे झोपलेली असतील! ती सकाळी आपापल्या गावी उतरली, घरी गेली; त्यांतल्या कोणालाही या माणसाचे नाव ठाऊक नाही. त्याला त्याची खंतही नाही. नोकरीच होती ती, असे तो म्हणतो. पण एवढे मोठे काम करून आलेला माणूस घरात पंधरा-वीस वर्षे बसून असावा आणि त्याला कोणी विचारू नये, ही खंत मग आपण बाळगायला हवी.

खेड्यापाड्यांतून ऐकणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी म्हणून हे सांगतो. रूळ सांभाळणारे गँगमन बहुधा खेड्यांतूनच रेल्वेत गेले. आणि निवृत्तीनंतर पुष्कळ जण खेड्यात परतले. शेतकऱ्याला निवृत्ती नसते. साठाव्या वर्षी त्याला कोणी हार घालीत नाही. बांधावर बसून का होईना, तो मरेपर्यंत शेतातच असतो, आणि पारावर त्याची जागा ठरलेली असते. पण तीस-पस्तीस वर्षे बाहेर काढून परत आलेला माणूस आपल्याच गावात परका होतो. पारावरच्या गप्पांत त्याला मधूनच शिरता येत नाही. मनमाडच्या मंडळाच्या वहीतही अशी काही नावे आहेत, ज्यांच्यापुढे महिनोन्‌महिने ‘गैरहजर, गावी’ असे लिहिलेले असते. ती माणसे तुमच्या गावात आहेत. त्यांची हजेरी तुम्हीच घ्यायला हवी.

यासाठी इमारत नको, वर्गणी नको, अध्यक्ष तर नकोच. मनमाडच्या मंडळात पूर्वी साहेबांना खुर्ची आणि गँगमनला सतरंजी असे. मग सर्वांनीच सतरंजीवर बसायचे ठरले. पण गुडघे कोणाचे वाकेनात! शेवटी बाके आणली, आणि नियम केला की जो आधी येईल तो आधी बसेल. तुमच्याकडे देवळाचा ओटा आहे, शाळेची पडवी आहे. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, एक वही, आणि जो आला नाही त्याच्या घरी त्याच दिवशी एक फेरी. एवढ्याने मंडळ उभे राहते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक निराळी विनंती आहे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही उष्णतेने धातू प्रसरण पावतो असे शिकवता, आणि रुळांमधल्या फटीचे उदाहरण देता. तेरा मीटर लांबीचा पोलादी रूळ, ४० अंशांचा फरक पडला तर, सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. हे फळ्यावर लिहा. पण त्या दिवशी गावातल्या एखाद्या जुन्या गँगमनला वर्गात बोलवा. उन्हाळ्यात भर दुपारी रूळ कसा वाकायला पाहतो, थंडीत तो तडकतो तेव्हा आवाज कसा येतो, आता रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब केल्यावर काय खबरदारी घेतात, हे तो हातवारे करून सांगेल. मुलांना धडा समजेल. आणि त्याला पुष्कळ वर्षांनी कोणीतरी दिलेल्या वेळेला वाट पाहत असलेले दिसेल. मात्र त्याला वेळ नीट सांगा, आणि स्वतः वेळेवर हजर राहा. नाहीतर तुमचेही नाव फळ्यावर लागेल!

घरातल्या मुलांनाही एक गृहपाठ द्या. आजोबांना किंवा आजीला तीनच प्रश्न विचारून या: तुम्ही कोणते काम केलेत? त्यात हाताला काय येत होते? आणि सगळ्यांत अवघड रात्र कोणती? उत्तरे वहीत लिहून आणायला सांगा. कित्येक घरांत त्या संध्याकाळी जेवण उशिरा होईल, हे मी तुम्हाला आजच सांगतो.

जाता जाता त्या पहिल्या बैठकीतली राहिलेली गोष्ट सांगतो. ज्या नावापुढे कोणाला उत्तर देता आले नव्हते, त्यांच्या घरी ते दोघे त्याच दुपारी गेले. गृहस्थ घरात एकटे होते, तीन दिवस ताप होता. मुलगा परगावी, त्याला त्रास नको म्हणून कळवलेही नव्हते. दोघांनी त्यांना रेल्वेच्या दवाखान्यात नेले. संध्याकाळी टाइमकीपरांना निरोप आला, आणि त्यांनी वहीत त्या नावापुढची मोकळी जागा भरली. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ते नाव पुन्हा वाचले गेले. मागच्या बाकावरून थोडासा थकलेला, पण स्पष्ट आवाज आला,

“हजर.”